उन्हाळ्यातले चॉकलेट

आमच्या प्रयोगशाळेत नव्या कामाची सुरुवात एका टंकलिखित कागदाने होत असे. धंद्याच्या भाषेत त्याला 'ब्रीफ' म्हणत. परंतु ज्या गांभीर्याने तो वरिष्ठांच्या दालनातून बाहेर येई, ज्या मुकाट्याने आम्ही तो वाचून त्याच्या कोपऱ्यात तारीख घालून सही करीत असू, आणि पुढे महिना-दीड महिना त्यातील एकेका शब्दावरून ज्या वाटाघाटी चालत, ते सारे ध्यानात घेता त्याला फर्मान हेच नाव अधिक शोभले असते. एका वर्षी जानेवारीच्या अखेरीस आलेल्या अशाच एका फर्मानात लिहिले होते की, उन्हाळ्याच्या तोंडावर बाजारात आणण्याकरिता तरुण स्त्रियांसाठी एक उजळ, प्रसन्न आणि हलका सुगंध हवा. त्याचा गाभा चॉकलेटचा असावा. बाटली पारदर्शक असल्यामुळे आतील द्रव पाण्यासारखा स्वच्छ दिसावा. आणि पहिले नमुने सहा आठवड्यांत रुजू करावेत. आमच्या वरिष्ठांनी, ज्यांची हयात या धंद्यात गेली होती, कागद दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला आणि तो कागद माझ्यापुढे सरकवीत ते म्हणाले, "लोकरीचा पंचा विणायला सांगितलाय. तू घे."

त्यांच्या बोलण्यात अतिशयोक्ती नव्हती. ऋतूप्रमाणे सुगंध पालटण्याची चाल आपल्याकडे फार जुनी. कनोजचे अत्तरवाले थंडीत हीना, शमामा अशी ऊब देणारी अत्तरे पुढे करतात, आणि उन्हे तापू लागली की वाळा, गुलाब, मोगरा आणि पहिल्या पावसाने भिजलेल्या जमिनीची आठवण करून देणारे मिट्टीचे अत्तर यांच्या कुप्या पुढच्या फळीवर येतात. युरोपातही याहून निराळे घडलेले नाही. 1709 साली कलोन शहरात ज्यांची पेढी उघडली त्या फारिना घराण्याचे सुप्रसिद्ध सुगंधी पाणी लिंबू-संत्र्यांच्या सालींच्या तेलांचे, आणि त्याचा गुण जितका वासात तितकाच अंगावरून चटकन उडून जाण्यात. चॉकलेटचे स्थान या साऱ्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. 1992 साली ऑलिव्हिए क्रेस्प या सुगंधकाराने तिएरी म्युग्लरच्या पेढीसाठी 'एंजल' सिद्ध केले, त्यात भाजलेल्या साखरेचा वास देणाऱ्या इथाइल माल्टॉलची पचौलीच्या मातकट तेलाशी गाठ घालून दिली, आणि तेव्हापासून खाद्यपदार्थांचे वास अंगाला लावण्याची सुगंधविद्येत एक स्वतंत्र शाखाच फोफावली. परंतु ती कल्पना कोटांच्या आणि गळपट्ट्यांच्या हवेत जन्मलेली. मे महिन्यात दुपारी अडीच वाजता ठाण्याच्या फलाटावर उभ्या असलेल्या स्त्रीच्या मानेवर तोच सुगंध लावला, तर तिच्यासकट आसपासच्या चार माणसांना मळमळू लागेल. मुळात कोकोचे लोणी साधारण 34 अंशांवर वितळते, आणि मुंबईची हवा वैशाखात त्याच आकड्याभोवती घोटाळत असते. आपल्याकडील मुलांना चॉकलेट ठाऊक आहे ते शीतकपाटातून काढलेले, दाताखाली कट्कन मोडणारे, ही गोष्ट फर्मान लिहिणाऱ्याच्या ध्यानात आली होती की नाही, देव जाणे.

माझी स्वतःची चॉकलेटशी ओळख मात्र दातांनी झालेली नाही, नाकाने झाली. माझे बालपण ठाण्यात गेले. पूर्व द्रुतगती मार्गावरील ज्या चौकाला लोक 'कॅडबरी जंक्शन' म्हणतात, त्याच्या अलीकडच्या एका चाळीत आम्ही राहत असू, आणि वारा योग्य दिशेने वाहू लागला की कारखान्यात भाजल्या जाणाऱ्या कोकोचा वास आमच्या गॅलरीपर्यंत येई. पाहुण्या आलेल्या माणसांना या गोष्टीचा मोठा हेवा वाटे. त्यांची कल्पना अशी की आम्ही दिवसभर चॉकलेटच्या गोड ढगातच वावरत असणार. वस्तुतः त्या वासात गोडवा नावालाही नव्हता. तो कोरडा, किंचित आंबूस, करपलेल्या शेंगदाण्यांच्या फोलपटांसारखा आणि बराचसा कडवट असा वास होता. दोरीवर वाळत घातलेल्या चादरींना तो बसे, आणि आई त्या झटकून झटकून आत घेई. पुढे रसायनशास्त्राची पदवी घेऊन या व्यवसायात आल्यावर बाटल्यांच्या फळीवरून 'चॉकलेट' असे लेबल असलेली पहिली तयार मिश्रणे मी हुंगली, तेव्हा माझी पहिली प्रतिक्रिया अशी झाली की हे चॉकलेट नव्हे. हा व्हॅनिला आहे, हे दूध आहे, ही साखर आहे, आणि त्यांच्या गर्दीत कोको कोठेतरी मागे उभा राहून टाचा उंचावतो आहे.

कोकोचे बी झाडावरून उतरवले जाते तेव्हा त्याला चॉकलेटचा वास मुळीच नसतो, हे पुष्कळांना खरे वाटत नाही. दक्षिण कन्नड जिल्ह्यात, जेथे 1986 साली पुत्तूरला कॅम्पको या सहकारी संस्थेचा चॉकलेटचा कारखाना सुरू झाला, त्या भागातील सुपारीच्या बागांत कोकोची झाडे सावलीला लावलेली मी पाहिली आहेत. फळ फोडले की आत पांढऱ्या, बुळबुळीत गरात बिया बसलेल्या असतात. तो गर मी चाखला तेव्हा तो लिचीच्या जवळचा, आंबटगोड आणि अतिशय ताजा लागला, आणि बी चावले तेव्हा ते नुसते कडू-तुरट. या बिया गरासह पाच-सहा दिवस केळीच्या पानांखाली आंबवतात, मग उन्हात वाळवतात आणि शेवटी भाजतात. आंबवताना बीमध्ये जी अमिनो आम्ले आणि ज्या शर्करा मोकळ्या होतात, त्यांची भाजताना एकमेकांशी जी प्रक्रिया घडते, आणि जी 1912 साली लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने वर्णिली, तिच्यातून चॉकलेटचा वास प्रथमच अस्तित्वात येतो. म्हणजे हा सुगंध निसर्गाने दिलेला नाही; तो शेतकऱ्याच्या ढिगाऱ्यात आणि भाजणाऱ्याच्या भट्टीत घडतो. त्यात कित्येकशे द्रव्ये असतात, आणि गंमत अशी की त्यांपैकी एकालाही एकट्याने चॉकलेटचा वास येत नाही. ट्रायमिथाइल पायराझिन शेंगदाण्यांच्या भट्टीची आठवण देते. फिनाइल ॲसिटाल्डिहाइडला मध आणि फुले यांच्या मधला कसलासा वास आहे. आयसोव्हॅलेराल्डिहाइडची बाटली निष्काळजीपणे उघडणाऱ्यास पहिल्या श्वासालाच ठसका लागतो, आणि तेच द्रव्य हजार पट पातळ केले की धान्याच्या कोठारासारखे शांत वाटू लागते. आमच्या वरिष्ठांचे म्हणणे असे की चॉकलेट हा वास नसून तो एक ठराव आहे. सभासद एकत्र बसले तरच तो मंजूर होतो.

पहिले तीन आठवडे मी जे केले ते कोणीही केले असते. वर संत्रे, बर्गमॉट आणि थोडी गुलाबी मिरी. मध्ये संत्र्याच्या फुलांचा आभास. खाली कोको, व्हॅनिलिन, इथाइल माल्टॉल आणि ते सारे धरून ठेवायला थोडी कस्तुरीजन्य द्रव्ये. ताज्या पट्टीवर हे मिश्रण मोठे मोहक वाटे. परंतु सुगंध हा संगीताप्रमाणे काळात उलगडत जाणारा प्रकार आहे, आणि सालींची तेले उडण्यात जितकी तत्पर तितके व्हॅनिलिन बसून राहण्यात चिवट. त्यामुळे पहिल्या वीस मिनिटांत उन्हाळा आपले बिऱ्हाड आवरून निघून जाई आणि पट्टीवर मागे राही ते डिसेंबरातील एखाद्या बेकरीचे दुकान. दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवशीच्या पट्ट्या हुंगून त्यांवर शेरे मारण्याचा आमचा रिवाज होता, आणि त्या काळातील माझ्या वहीत 'उन्हाळा निघून गेला' हा एकच शेरा ओळीने अकरा पट्ट्यांपुढे लिहिलेला आहे.

तरीही मुदतीच्या तगाद्यापुढे त्यांतले दोन नमुने गिऱ्हाइकाकडे गेले, आणि तेथे जी फजिती झाली तिच्यामुळेच हे काम मार्गी लागले, असे आज मला वाटते. संत्र्याच्या फुलांसाठी मी मिथाइल अँथ्रानिलेट वापरले होते. हे द्रव्य अल्डिहाइडांशी संयोग पावून रंगीत पदार्थ बनवते, ज्याला रसायनशास्त्रात शिफ बेस म्हणतात, आणि व्हॅनिलिन हे अल्डिहाइडच. शिवाय व्हॅनिलिन प्रकाशात आणि काळाबरोबर स्वतःहूनही काळवंडते. हे मला ठाऊक नव्हते असे मुळीच नाही, परंतु ठाऊक असणे आणि हात आखडणे या दोन गोष्टींत परीक्षेच्या काळात बरेच अंतर पडते. गिऱ्हाइकाने आमच्या पाण्यासारख्या स्वच्छ बाटल्या आपल्या सभागृहातील खिडकीच्या कट्ट्यावर ठेवल्या, आणि नऊ दिवसांनी त्यांच्या संचालकांसमोर त्या उघडल्या तेव्हा आतील द्रव चहाच्या रंगाचा झालेला होता. आलेल्या पत्रातील भाषा सभ्य होती. तिच्यातील 'चॉकलेटचा रंग मागितलेला नव्हता' हे वाक्य मात्र आमच्या वरिष्ठांनी सर्वांना मोठ्याने वाचून दाखवले. मला लेखी खुलासा द्यावा लागला. तो लिहिताना मी सूत्रातील ज्या ज्या द्रव्याने रंग येऊ शकतो त्याच्याभोवती लाल पेन्सिलीने वर्तुळ काढीत गेले. आधी मिथाइल अँथ्रानिलेट, मग व्हॅनिलिन, इथाइल व्हॅनिलिन, पाठोपाठ कोकोचा तपकिरी अर्क, जो मी लोभाने चिमूटभर घातला होता; लोखंडाचा अंश लागला की गुलाबी पडणाऱ्या माल्टॉललाही अर्धे वर्तुळ मिळाले. खुलासा पुरा झाला तेव्हा माझ्या ध्यानात आले की, या वर्तुळांत सापडले होते ते बहुतेक सारे गोड होते.

मग ते सारे काढून टाकून मी मिश्रण पुन्हा बांधले. पायराझिने अत्यल्प, हजार भागांत तीन-चार दशांश एवढीच. कोको हेक्सेनल या नावाने मिळणारे, कोकोच्या चुऱ्याचा कोरडा आभास देणारे द्रव्य. मधाळ फिनाइल ॲसिटाल्डिहाइड केवळ मापापुरते. पट्टीवर काय आले असेल, तर आमच्या गॅलरीतील चादरीचा वास. मला अतिशय आनंद झाला, आणि तो एक आठवडा टिकला. कारण नमुना पारखण्यासाठी दादरच्या एका सभागृहात बोलावलेल्या वीस-बावीस गृहिणींपैकी एकीनेही त्याला चॉकलेट म्हटले नाही. कोणी कॉफी म्हणाले, कोणी भाजलेल्या जवसाची चटणी. एका वयस्क बाईंनी फार विचार करून 'जुन्या वह्यांचे कपाट' असे उत्तर दिले, जे शास्त्रीय दृष्ट्या फारसे चुकीचे नव्हते, कारण जुन्या कागदातून व्हॅनिलिनच्या जातीची द्रव्ये बाहेर पडतात हे खरे आहे, परंतु माझ्या नमुन्यात ती नेमकी नव्हती. आपल्या देशात चॉकलेट म्हणजे दूध आणि साखर. त्यांच्यावाचून कोको समोर आला तर लोक त्याला ओळख देत नाहीत, हे मला मान्य करावे लागले.

येथे आबकारी खात्याचीही एक हकिकत सांगितल्याविना राहवत नाही. आमच्याकडे नमुने विरघळवण्यासाठी लागणारे मद्यार्क परवान्यावर येई. ते पिण्यास अयोग्य करण्यासाठी त्यात डायइथाइल थॅलेट घातलेले असे आणि त्याच्या थेंबाथेंबाचा हिशेब नोंदवहीत ठेवावा लागे. तपासणीसाठी आलेल्या अधिकाऱ्यांनी 'तयार मालाचे स्वरूप' या रकान्यात 'चॉकलेट' हा शब्द वाचला, पट्टी मागून घेतली, दीर्घकाळ हुंगली, आणि मग अत्यंत गंभीरपणे विचारले की, हे कोणी पिणार नाही याची खातरजमा आपण कशी केली आहे. वरिष्ठ म्हणाले, "साहेब, हे प्यायलं तर एकदाच पिईल." अधिकाऱ्यांनी हसू दाबून नोंदवहीवर मोहोर मारली, पण त्यांच्या प्रश्नाने मला काही दिवस सतावले. पिण्याजोगे वाटते म्हणजे काय वाटते? जे तहान भागवील असे वाटते ते, असे मी स्वतःशी म्हटले. आणि चॉकलेट तर तहान लावते.

तहानेच्या या विचारातून मी वाळ्यापर्यंत पोहोचले. मराठी घरात उन्हाळ्याची वर्दी माठाच्या पाण्यात सोडलेल्या वाळ्याच्या जुडीने मिळते. तो वास थंड असतो तरी हलका नसतो, आणि ही गोष्ट मला महत्त्वाची वाटली. संत्रे उडून जाते म्हणून ते थंड भासते. वाळ्याचे तसे नाही. त्याच्या तेलातील मोठमोठे रेणू तासन्‌तास जागचे हलत नाहीत, आणि तरीही तो ओल्या मुळांचा, सावलीचा, मातीखालच्या गारव्याचा वास शेवटपर्यंत देत राहतो. कोकोप्रमाणे तोही कडवट आणि मातकट आहे, तेव्हा दोघे एकमेकांच्या शेजारी बसले तर उन्हाळ्याला घर सोडून जायचे कारण उरणार नव्हते. कनोजच्या बाजूला तांब्याच्या भांड्यात गाळलेला रूह खस तांब्यामुळे हिरवा होतो, तो आमच्या पारदर्शक बाटलीला चालण्यासारखा नव्हता. म्हणून मी वाळ्याच्या तेलापासून बनवलेले, रंगाने फिके आणि स्वभावाने मऊ असे व्हेटिव्हेरिल ॲसिटेट घेतले. वरच्या बाजूला, पळून जाणाऱ्या सालींच्या जोडीला, नूटकाटोन घातले. हे ग्रेपफ्रूटच्या सालीत असणारे द्रव्य; अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील नूटका सायप्रस या झाडाच्या गाभ्यात ते सापडले म्हणून त्याचे हे नाव; महाग, पण फळाचा कडसर वास असूनही उडण्याची घाई नसलेले, कारण तेही वाळ्यातील द्रव्यांच्याच कुळातले. आणि त्या दोहोंमध्ये, पुत्तूरच्या बागेत चाखलेल्या पांढऱ्या गराची आठवण ठेवून, लिनलूल आणि लिचीसारखा ओलसर, आंबटगोड असा एक छोटासा संच. भाजण्यापूर्वीचे फळ आणि भाजल्यानंतरचे बी, असे दोन्ही टोकांचे कोको एका बाटलीत आले.

गोडीचा प्रश्न उरलाच होता, आणि तेथे मी तडजोड केली हे कबूल करते. दादरच्या गृहिणींना चॉकलेट ओळखता यावे म्हणून इथाइल माल्टॉल परत घेतले, हजारात चार भाग. त्याहून कमी घेतले तर ओळख पटत नव्हती आणि पाच भागांवर नाकाला पुन्हा बेकरी दिसू लागे. ते चार भाग मला आजही खटकतात. वरिष्ठांना ते खटकले नाहीत. त्यांनी पट्टी तिन्ही त्रिकाळ हुंगली, सकाळी, जेवणानंतर आणि निघताना, आणि म्हणाले की पंचा विणून झाला, आता तो पाणी टिपतो की नाही ते गिऱ्हाईक पाहील.

गिऱ्हाइकाने तो मंजूर केला. नव्या बाटल्या त्यांनी मुद्दाम त्याच खिडकीत ठेवल्या होत्या, असे पुढे कळले. त्या स्वच्छ राहिल्या. मात्र विक्रीखात्यातील कोणाला तरी ऐन वेळी वाटले की उन्हाळ्यात दुकानदार 'चॉकलेट' या शब्दाला बिचकेल, आणि डबीवर जे छापून आले त्यात दोन फळांची आणि एका फुलाची नावे होती; ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप झाला त्याचा तेथे उल्लेखही नव्हता. मला राग आला, हे खरे. वरिष्ठ म्हणाले की आपल्याला बिलावरची सही पाहायची असते, डबी पाहायची नसते. हा सुगंध दोन उन्हाळे विकला गेला आणि मग त्याची मागणी आली नाही.

आमच्याकडे वजनकाट्यावर एक गृहस्थ होते, ज्यांना सारेजण मामा म्हणत. सूत्रे त्यांच्याकडे केवळ आकड्यांच्या खुणेने जात. आत काय आहे ते त्यांना सांगायचे नाही असा नियम होता, आणि त्यांना ते नेहमी नाकाने कळत असे. नोकरी सोडताना माझ्या हातातील कागदपत्रे सुपूर्द करावयाची म्हणून मी त्यांची वजनवही चाळली, तेव्हा त्या सुगंधाच्या खुणेपुढे शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्या बारीक अक्षरांतील नोंदी सापडल्या. पहिल्या नमुन्यांपुढे 'केक'. रंग बदललेल्या दोन नमुन्यांपुढे 'चहा', बहुधा चेष्टेने. गोडी काढलेल्यापुढे 'कॉफी?' आणि ते खोडून 'कोळसा'. मंजूर झालेल्या पहिल्या पंधरा किलोंच्या घाण्यापुढे त्यांनी लिहिले होते, 'माठाजवळ ठेवलेले चॉकलेट', आणि त्याच्याखाली, रिवाजाप्रमाणे, 'झाकण घट्ट लावणे'.